पाण्याच्या रॉकेटचा एकच बूस्टर दर वेळी अडकतो तेव्हा

दोन्ही अंगांना बूस्टर (सुरुवातीचा जादा जोर देऊन गळून पडणाऱ्या बाटल्या) लावलेले पाण्याचे रॉकेट सुटते, उजवा बूस्टर वेळेवर निघून खाली पडतो, डावा मात्र मुख्य रॉकेटला चिकटूनच राहतो, आणि मग सगळे धूड डावीकडे कलंडून गिरक्या खात शेजारच्या वावरात आपटते. हा प्रकार आमच्याकडे जवळजवळ तीन महिने चालला होता. बिघाड दर वेळी होत असता तर कारण लवकर सापडले असते. पण सकाळची पहिली दोन उड्डाणे बहुधा निर्विघ्न पार पडत, आणि आपण केलेला उपाय लागू पडला अशी खात्री वाटू लागली की तिसऱ्या उड्डाणाला भाचा दुर्बीण खाली ठेवून म्हणे, "मामा, डावा पुन्हा अडकला." ज्यांच्या रॉकेटमध्ये हाच बिघाड पुन्हा पुन्हा येतो आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कारण शेवटी ज्या जागी सापडले ती जागा रॉकेटवर नव्हतीच.

रॉकेट पाण्याचे का, हा प्रश्न नागपुरात हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालयच आपल्या शहरात आहे. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांची अंमलबजावणी तिथूनच होते. परवान्यावाचून घरी स्फोटक दारू कालवून रॉकेटच्या नळकांड्यात भरणे हा गुन्हा तर आहेच, पण बोटे आणि डोळे गमावण्याचा खात्रीचा मार्गही आहे. याउलट थंड पेयाच्या बाटलीत पाणी आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा एवढ्यावर उडणारे रॉकेट मुलांसमवेत बनवता येते, आणि बूस्टर विलग करण्याचे सगळे प्रश्न त्यातही जसेच्या तसे भेटतात. लग्नसराईनंतर कबाडीकडे दोन लिटरच्या बाटल्या लागतील तेवढ्या मिळतात, हा नागपूरकरांचा आणखी एक फायदा.

आमच्या रॉकेटची रचना

मधोमध दोन लिटरच्या बाटलीचे मुख्य रॉकेट आहे. नाक, पॅराशूट आणि पंख धरून त्याचे रिकामे वजन सुमारे ३५० ग्रॅम भरते आणि त्यात ६०० मिली पाणी असते. त्याच्या तोंडाला बागेतल्या पाइपाचा झटकन बसणारा आणि निघणारा जोड लावलेला असून त्याचे आतले भोक सुमारे ९ मिमी आहे. दोन्ही बाजूंचे बूस्टर म्हणजेही दोन लिटरच्याच बाटल्या, प्रत्येकी ११० ग्रॅम वजनाच्या आणि ५०० मिली पाण्याच्या. पण त्यांची तोंडे पूर्ण उघडी, म्हणजे सुमारे २२ मिमी व्यासाची आहेत. अर्ध्या इंची यूपीव्हीसी नळीचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो, त्यामुळे तिचा तुकडा रबरी रिंग चढवून बाटलीच्या तोंडात घट्ट बसतो. ठाण्यावरच्या, म्हणजे रॉकेट उडवण्याच्या स्टँडवरच्या, अशाच दोन तुकड्यांवर बूस्टर उलटे उभे राहतात.

प्रत्येक बूस्टरच्या वरच्या भागावर नायलॉनची १२ मिमी लांबीची खुंटी वर तोंड करून बसवली आहे. ही खुंटी मुख्य रॉकेटच्या कमरपट्ट्यावर, खाली तोंड करून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत शिरते. बूस्टर जोर लावतो तोवर तो त्या वाटीतून मुख्य रॉकेटला वर ढकलतो. जोर संपला की बूस्टर मागे पडतो, खुंटी खाली सरकून बाहेर येते आणि मधे दाबून ठेवलेला स्पंजाचा तुकडा त्याचे नाक बाहेरच्या बाजूला लोटतो. खालच्या बाजूला बूस्टर फक्त एका उघड्या खाचेत टेकलेला असतो. पहिल्या रॉकेटवर आम्ही वाटीऐवजी स्केचपेनचे टोपण लावले होते. ते पहिल्याच उड्डाणात फुटले, कारण सुटताना एकेका खुंटीवर दहा-बारा किलोचा भार येतो हे आम्ही मोजलेच नव्हते.

ही कल्पना आमची नाही. १९५७ साली स्पुटनिकला अवकाशात नेणाऱ्या रशियन आर-७ रॉकेटचे चार बूस्टर आणि आजच्या सोयुझचे बूस्टर याच तत्त्वावर बसवलेले असतात. वरचे गोल टोक मधल्या रॉकेटच्या खोबणीत टेकलेले असते आणि जोर ओसरला की ते खोबणीतून आपोआप बाहेर येते. भारताच्या जीएसएलव्हीने मात्र वेगळाच मार्ग पत्करला. त्याचे चार द्रवइंधनी बूस्टर मधल्या घनइंधनी भागापेक्षाही जास्त वेळ जळतात आणि स्वतंत्रपणे सुटत नाहीत. पहिल्या टप्प्याबरोबर सगळे एकत्रच गळून पडते. तेव्हा फार कंटाळा आला तर बूस्टर पक्के बांधून टाकण्याला प्रतिष्ठित आधार उपलब्ध आहे. आम्हाला मात्र ते सुटायलाच हवे होते.

सुटण्यासाठी जोर कुठून येतो

बिघाड शोधण्यापूर्वी हा हिशेब एकदा कागदावर करावा. बूस्टर मागे पडतो तो स्वतःच्या वजनामुळे नव्हे, तर मुख्य रॉकेट त्याच्यापेक्षा वेगाने पुढे जाते म्हणून. ४ बार दाबाला, म्हणजे सुमारे ५८ पीएसआयला, पाणी तोंडातून सेकंदाला २८ मीटर वेगाने निघते. २२ मिमीच्या तोंडातून या वेगाने बूस्टर दहा शतांश सेकंदाच्या आत पाणी आणि हवा दोन्ही संपवतो. ९ मिमीच्या भोकातून मुख्य रॉकेटला मात्र तिसरा हिस्सा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे बूस्टर रिकामे होतात त्या क्षणी मुख्य रॉकेट अजून जोर लावत असते. आमच्या वजनांना दोघांच्या वेगातला फरक दर सेकंदाला सुमारे ६० मीटर प्रतिसेकंद या गतीने वाढतो. याचा अर्थ, ११० ग्रॅमच्या बूस्टरवर मागे खेचणारे बळ साधारण ६५० ग्रॅमभर असते आणि १२ मिमीची खुंटी २० मिलिसेकंदांत वाटीबाहेर पडायला हवी.

आता समजा मुख्य बाटलीचे तोंडही २२ मिमीचेच ठेवले. मग तिन्ही बाटल्या एकाच वेळी रिकाम्या होतात, आणि बूस्टरला मागे खेचायला केवळ हवेचा अवरोध उरतो. त्याचा हिशेब जेमतेम ६० ग्रॅमभराचा होतो. एवढ्याशा बळाला खुंटीवरचा धुळीचा एक कणही अडवू शकतो. ज्यांचे दोन्ही बूस्टर अडकतात, किंवा कधी हा तर कधी तो असे अडकतात, त्यांनी पुढचे काहीही न वाचता आधी मुख्य रॉकेटचे भोक लहान करावे. माझ्या पाहण्यातल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी एवढ्यानेच मिटल्या आहेत.

आमची तक्रार मात्र एकाच बाजूची होती, आणि एकाच बाजूची तक्रार म्हणजे कुठेतरी विषमता आहे.

चुकीचे उपाय आणि त्यांनी दिलेला चकवा

पहिला संशय अर्थातच घर्षणावर गेला. खुंटीला साबण चोळला. पुढच्या रविवारी पहिली दोन उड्डाणे उत्तम झाली, तिसऱ्यात डावा अडकला. साबण वाळला असेल असे समजून शिलाई मशिनचे तेल लावले. तोच अनुभव. मग स्पंजाचा तुकडा दुप्पट जाडीचा केला, आणि हे तर सरळसरळ नुकसानीचे ठरले, कारण जाड स्पंज बूस्टरचे नाक आधीपासूनच बाहेर लोटत राहतो, त्यामुळे खुंटी वाटीच्या एका कडेला घासते आणि घर्षण कमी होण्याऐवजी वाढते. बाहेर लोटणारे बळ जेवढे कमी चालेल तेवढे चांगले. त्याचे काम खुंटी निघाल्यानंतरचे आहे, निघण्यापूर्वीचे नाही.

सकाळच्या दोन उड्डाणांचा हा चकवा फार महागात पडला. प्रत्येक नवा उपाय आम्ही घरी करून आणत होतो आणि सकाळी तो पहिल्यांदा वापरत होतो, म्हणून पहिली दोन उड्डाणे यशस्वी होणे हा उपायाचा गुण आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात काहीही न करता नेलेले रॉकेटही पहिल्या दोन खेपांना नीटच उडाले असते. ज्यांचा बिघाड असाच ठरावीक क्रमाने येतो त्यांनी एक दिवस मुद्दाम कोणताही उपाय न करता सहा-सात उड्डाणे घ्यावीत आणि कितव्या उड्डाणापासून बिघाड सुरू होतो ते वहीत लिहावे. पतंगाच्या दिवसांत मांजा कुठे काचतो ते पाहण्यासाठी आपण तो बोटांतून सावकाश सोडतो, तसेच हे आहे; घाई केली तर हाती काहीच लागत नाही.

अदलाबदल करून पाहणे

शेवटी आम्ही उपाय थांबवून अदलाबदल सुरू केली, आणि माझ्या मते याच क्रमाने सर्वांनी जावे. आधी दोन्ही बूस्टरांची जागा बदलली: डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. बिघाड डावीकडेच राहिला. म्हणजे बाटली आणि खुंटी निर्दोष. नंतर पूर्ण रॉकेट ठाण्यावर अर्धा फेरा फिरवून बसवले, जेणेकरून आधीची उजवी वाटी आता डावीकडे आली. बिघाड तरीही ठाण्याच्या डाव्या बाजूलाच राहिला, म्हणजे वाट्याही निर्दोष ठरल्या. तीन महिने आम्ही ज्या रॉकेटला घासत-पुसत होतो त्याचा काहीच अपराध नव्हता. दोष ठाण्यात होता, आणि आकाशात पंधरा मीटरवर दिसणारी चूक जमिनीवर होत होती.

वारा हे कारण असू शकते का, हेही याच वेळी तपासून घ्यावे. वाऱ्याकडच्या बूस्टरवर हवेचा दाब येतो आणि तो मुख्य रॉकेटला चिकटून राहू शकतो, हे खरे आहे. म्हणून ठाणे वाऱ्याच्या दिशेच्या संदर्भात फिरवून पाहावे. आम्ही काटोल रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक वावरात हिवाळ्यातल्या सकाळी उडवत होतो, धुऱ्यावरचे गवतसुद्धा हलत नव्हते, त्यामुळे हा प्रश्न लवकर निकालात निघाला.

दोन फ्रेमचा उशीर

यानंतर मोबाइलचा सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा मंदगती कॅमेरा ठाण्यापासून दोन मीटरवर विटेला टेकवून ठेवला. यात एका फ्रेमला चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. पहिल्या उड्डाणाच्या चित्रणात दोन्ही बूस्टर एकाच फ्रेममध्ये हलले. चौथ्या उड्डाणात मात्र उजवा हलल्यानंतर डावा बरोबर दोन फ्रेम जागीच होता. भाच्याने बोटाने पडदा पुढे-मागे करत सात-आठ वेळा मोजले, आणि उत्तर दर वेळी दोनच आले.

दोन फ्रेम म्हणजे आठ मिलिसेकंद. एवढ्याने काय बिघडते? यूपीव्हीसीचा तुकडा बाटलीच्या तोंडात असेपर्यंत पाणी सुटत नाही, हवेचा दाब केवळ दट्ट्यासारखा धक्का देतो. ४ बारला तो १५० न्यूटन, म्हणजे साधारण पंधरा किलोचा असतो. एकटा उजवा बूस्टर आणि मुख्य रॉकेट मिळून वर निघतात, डावा मागे राहतो. आठ मिलिसेकंदांत मुख्य रॉकेट सुमारे चार मिलिमीटर वर गेलेले असते, म्हणजे डाव्या खुंटीचा एक तृतीयांश भाग वाटीबाहेर आलेला असतो. शिवाय जोर एकाच बाजूने लागल्यामुळे रॉकेट डावीकडे झुकते. त्या क्षणी हे झुकणे अर्ध्या अंशाच्या आतबाहेरच असते, डोळ्याला दिसतही नाही, पण वळण्याची गती मिळून चुकलेली असते. आणि मग डावा बूस्टर सुटतो. त्याची खुंटी चार मिलिमीटर धावत येऊन, किंचित तिरप्या झालेल्या वाटीत, पाचर ठोकावी तशी घुसते. आता तिला बाहेर काढायला ६५० ग्रॅमभर बळ पुरत नाही.

याची साक्ष खुंटीवरच होती, आम्हीच पाहिली नव्हती. पांढऱ्या नायलॉनवर, फक्त बाहेरच्या अंगाला, नखाने ओरखडल्यासारखी करडी चकचकीत रेघ होती. ती ॲल्युमिनियमची धार घासल्याची खूण. साबण लावताना मी तीच रेघ दर वेळी पुसून टाकत होतो.

११ ऑक्टोबर २०१८ रोजी दोन अंतराळवीरांना घेऊन निघालेल्या सोयुझ रॉकेटचा एक बूस्टर नीट विलग न होता मधल्या भागावर आदळला, आणि दोघांना आणीबाणीने परत उतरावे लागले. दोघेही सुखरूप राहिले. चौकशीत कारण निघाले ते असे की जोडणी करताना विलगीकरणाची सूचना देणारी एक छोटी खीळ पावणेसात अंश वाकली होती, त्यामुळे बूस्टरचे नाक बाहेर ढकलणारी झडप उघडलीच नाही. तिथेही चूक जमिनीवरच झाली होती.

ठाण्याची पट्टी

आता उशीर का होत होता ते सांगतो. बूस्टरांच्या मानेवरच्या कडीला केबल टायच्या डोक्यांचा वेढा पकडून ठेवतो आणि त्या वेढ्याभोवती पीव्हीसीचे एक कडे असते; कडे खाली ओढले की टाय बाहेर फाकतात आणि बाटली सुटते. तिन्ही बाटल्या एकाच वेळी सुटाव्यात म्हणून दोन्ही कडी आणि मधल्या जोडाची सरकती बांगडी आम्ही प्लायवूडच्या एकाच पट्टीत बसवली होती. या पट्टीला दोरी बांधली होती ती उजव्या टोकाला, कारण आम्ही उजवीकडे उभे राहत होतो. इतके साधे कारण होते. दोरीला हिसका दिला की उजवे टोक आधी खाली जाई, डावे मागाहून. पट्टी कोरडी असताना ती कड्यांवर सैल सरकत असल्यामुळे फरक नगण्य राही. पण दोन उड्डाणांचे लिटरभर पाणी अंगावर पडले की प्लायवूड फुगे, भोके आवळत आणि पट्टी सरळ उतरण्याऐवजी तिरपी होऊन अडकत-अडकत उतरे. हिसक्याने पट्टी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खाली येते असे धरले, तर दोन टोकांच्या उंचीत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दोन मिलिसेकंदांचा उशीर. आमच्या भिजलेल्या पट्टीत चार मिलिमीटर फरक पडत होता, आणि कॅमेऱ्यातला आकडा याच्याशी तंतोतंत जुळला.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. प्लायवूड काढून गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्याच्या दुकानातून ६ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा आणला. तो पाण्याने फुगत नाही. भोके कड्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी ठेवली. मग पट्टीच्या चारही कोपऱ्यांना समान लांबीच्या चार दोऱ्या बांधून त्या ठाण्याच्या मध्यभागी खाली एका लोखंडी कडीत एकत्र आणल्या आणि ओढण्याची दोरी त्या कडीतून, जमिनीत ठोकलेल्या खुंटीच्या डोळ्यातून वळवून आमच्याकडे आणली. आता ओढ आडवी असली तरी पट्टीला ती सरळ खालीच जाणवते. पट्टी डुलू नये म्हणून सायकलचे दोन स्पोक उभे लावून त्यांच्यावरून ती सरकू दिली आहे.

हवा भरण्यापूर्वी एक चाचणी प्रत्येक खेपेस करावी. रिकाम्या बाटल्या बसवून पट्टी हाताने अगदी सावकाश खाली न्यावी आणि दोन्ही बाजूंचे टाय सुटतानाचा 'टक्' असा आवाज ऐकावा. आवाज एकच आला पाहिजे. दोन वेगळे ऐकू आले तर दोऱ्यांची लांबी जुळवावी. कानाला हा फरक डोळ्यापेक्षा लवकर कळतो.

ठाणे निर्दोष असूनही एकाच बाजूला अडकत असेल तर

दाब आणि पाणी दोन्हीकडे समान आहे का ते पाहावे. तिन्ही बाटल्यांना एकाच नळीने हवा देत असाल आणि मधे हवा-पाणी परत येऊ न देणारी झडप नसेल, तर पंप थांबताच पाणी एका बाटलीतून दुसरीत उतरते. प्रत्येक बाटलीवर पाण्याच्या पातळीला स्केचपेनने रेघ मारावी आणि पूर्ण दाब आल्यावर दुर्बिणीतून ती पुन्हा पाहावी. जवळ जाऊन पाहू नये. माशांच्या टाकीला लावतात त्या झडपा ४ बारसाठी बनवलेल्या नसतात, त्यांच्याऐवजी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रत्येक फाट्यावर वेगळा लावावा.

बाटली दाबाखाली वाढते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. तिची लांबी आणि घेर दोन्ही थोडे वाढतात. खालच्या खाचेत बूस्टर चिकटपट्टीने किंवा रबराने आवळला असेल तर ही वाढ खुंटीला वाटीत दाबत राहते आणि घरी रिकाम्या बाटलीवर सहज निघणारी खुंटी वावरात निघत नाही. खालची टेकण मोकळीच हवी. घरातली चाचणी लटकत्या काट्याने करावी: रॉकेट आडवे धरून बूस्टर मागच्या दिशेने ओढावा आणि काटा किती दाखवतो ते पाहावे. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आत सुटला तर ठीक. तीनशेच्या वर गेला तर खुंटी आणि वाटी समांतर नाहीत.

उन्हाळ्यात आणखी एक दुखणे उद्भवते, आणि ते खास आपल्याकडचे आहे. पारा ४५ अंशांना भिडतो त्या दिवसांत बंद गाडीत ठेवलेल्या रॉकेटवरचा गरम गोंद मऊ पडतो आणि कमरपट्टा एखाद-दुसरा मिलिमीटर सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय दाबाच्या बाटलीवर थेट गरम गोंद लावणे मुळातच चूक आहे, कारण त्या उष्णतेने प्लास्टिक आखडते आणि नेमके तिथेच दुबळे होते. वाटी दुसऱ्या बाटलीतून कापलेल्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनच्या गोंदाने बसवावी आणि तो पट्टा मुख्य बाटलीवर चढवून पॅकिंगच्या धागेदार टेपने आवळावा. नवतपात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) उडवूच नये, हे माझे वैयक्तिक मत. कूलरसमोर बसून नवे पंख कापण्यासाठी ते नऊ दिवस उत्तम आहेत.

सुरक्षिततेबद्दल मोजके सांगतो. मुलांबरोबर ४ बारच्या वर जाऊ नये. नवी बाटली वापरण्यापूर्वी ती तोंडापर्यंत पाण्याने भरून ६ बारला तपासावी. पूर्ण पाणी भरलेली बाटली फुटली तरी स्फोट होत नाही, फक्त चिरते. चरा किंवा पांढरी घडी पडलेली बाटली सरळ कबाडीला द्यावी. दाब भरणाऱ्याने चष्मा घालावा आणि पंप ठाण्यापासून दहा-बारा मीटरवर ठेवावा. सोनेगाव विमानतळाच्या बाजूची मोकळी मैदाने कितीही मोहात पाडणारी असली तरी तिकडे फिरकू नये, आणि वस्तीतली मैदानेही टाळावीत, कारण विलग झालेला बूस्टर कुठे पडेल याचा नेम नसतो. बूस्टरांना पॅराशूट लागत नाही. रिकामी बाटली कोलांट्या घेत सावकाश येते, पण टोकाला स्पंज आणि अंगाला केशरी चिकटपट्टी लावावी, नाहीतर पऱ्हाटीत शोधता शोधता ऊन डोक्यावर येते.

नवी पट्टी बसवल्यापासून आमची अकरा उड्डाणे झाली. दहांत दोन्ही बूस्टर पाच ते सहा फ्रेमच्या आत बाहेर पडले. अकराव्यात डावा पुन्हा अडकला, आणि भाच्याने माझ्याकडे पाहिले ते असे की पट्टीवरचा माझाही विश्वास क्षणभर उडाला. रॉकेट आणून पाहिले तर डाव्या वाटीच्या तळाशी ओल्या काळ्या मातीचा वाटाण्याएवढा गोळा बसलेला होता. आधीच्या उतरणीत ते नाकावर नव्हे, कुशीवर पडले होते. आता सामानाच्या पेटीत एक जुना टूथब्रश असतो आणि दर उतरणीनंतर दोन्ही वाट्या घासून, त्यांत तोंडाने फुंकर मारून मगच रॉकेट ठाण्यावर चढते.